चिंचेनं घासलेली दुनळी

काळवंडलेलं पितळ दिसलं की सरलाबाईंचा हात शिवशिवायला लागायचा. पुण्यात त्या शेजारणींच्या समयासुद्धा मागून आणून घासायच्या. मुलीकडे जर्मनीत, आखनला आल्या तेव्हा बॅगेत स्वेटर कमी आणि चिंचेचा गोळा मोठा होता. मुलगी उल्का इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. धातूच्या वर जो कातडीहून पातळ थर असतो, तो कसा बसतो आणि कसा जातो, हा तिचा विषय.

"म्हणजे तूही घासतेसच की," आई म्हणायची. "फक्त सरकारी खर्चानं."

घर गावातल्या बुर्टशाइड भागात, चढावर, गरम पाण्याच्या झऱ्यांपासून जवळ. वारा तिकडून आला की जिन्यात गंधकाचा वास भरायचा. वरच्या मजल्यावर उल्का आणि खाली घरमालकीण, फ्राऊ एसर, म्हणजे एसरबाई. वय ऐंशीकडे झुकलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. छप्पर गळत होतं. म्युनिकचा मुलगा दर रविवारी फोन करून तेच सांगायचा: घर विक, आल्टनहाइममध्ये जा. आल्टनहाइम म्हणजे वृद्धाश्रम, नाव कितीही गोड असलं तरी. म्हाताऱ्या आईला तिच्याच स्वयंपाकघरातून उठवायचं आणि वर त्याला काळजी म्हणायचं, ही कला साऱ्या जगातल्या मुलांना येते. त्याला पासपोर्ट लागत नाही.

फ्राऊ एसरकडे एकच उत्तर होतं, आणि ते तळघरातल्या पोलादी कपाटात उभं होतं. अमेरिकन दुनळी बंदूक. नवऱ्यानं, हाइन्झनं, मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन अधिकाऱ्याकडून ती घेतली होती. हाइन्झ गेल्यावर ती रीतसर त्यांच्या नावावर झाली. काडतूस घरात एकही नव्हतं आणि कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या साखळीत असायची.

बंदूक देखणी होती, हे उल्काला नाइलाजानं मान्य करावं लागलं. हातात घेतली की वजन जणू नाहीसं व्हायचं. मिटताना जुन्या कपाटाचं दार नेमकं बसावं तसा 'टक' आवाज. नळ्या जिथे लाकडाला भेटतात त्या पोलादी पेटीवर कोरलेली पानं, आणि पानांवर पारव्याच्या मानेसारखे निळे, तपकिरी, गवती रंग. पोलाद हाडांच्या कोळशात पुरून भट्टीत तापवायचं आणि लाल असतानाच पाण्यात सोडायचं, तेव्हा कुठे हे रंग उमटतात. अशा बंदुका घडवणारे अमेरिकेतले बहुतेक कारखाने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बंद पडले. आता तिथले शौकीन त्या जगभर हुडकत होते आणि किंमत वर्षागणिक चढत होती. ज्यांनी जन्मात ससा मारला नाही, असे लोक भिंतीवर लावायला बंदूक घेतात. आणि अट काय, तर रंग मूळचा हवा, झीज खरी हवी. घाम दुसऱ्याचा, मिरवणार हे. पुसलेली, घासलेली, नवी केलेली बंदूक त्यांना फुकटसुद्धा नको असते.

उल्कानं फोटो काढून सीमेपलीकडच्या एका बेल्जियन व्यापाऱ्याला पाठवले होते. तो शनिवारी येणार होता.

"बंदूक गेली की छप्पर होतं," फ्राऊ एसर म्हणाल्या होत्या. "छप्पर झालं की माझ्या मुलाचं तोंड बंद. गेनाऊ?"

"गेनाऊ," उल्का म्हणाली होती. अगदी बरोबर.

त्याच्या आधीच्या रविवारी खंडेनवमी आली.

सरलाबाईंनी पाटावर मुलीचा लॅपटॉप मांडला, सुरी मांडली, सायकलचा पाना मांडला. बागेतले झेंडू फ्राऊ एसरनी स्वतः तोडून आणले.

"हे असते तर कुंकू डाव्या हातानंच लावलं असतं," सरलाबाई म्हणाल्या. "दर वर्षी सांगायचे मी, अहो, पूजेला तरी उजवा वापरा. तर ती अर्धी करंगळी नाचवून दाखवायचे. म्हणे, यंत्रानं प्रसाद घेतलाय तो ह्याच हाताचा."

उल्का हसली. बाबा, श्रीपाद नाव त्यांचं, डावखुरे फिटर होते. एका कारखान्यात प्रेसखाली त्यांची करंगळी पेरापासून गेली होती. कितीही साबण लावला तरी अंगाला कटिंग ऑइलचा वास असायचा. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी आई घास उचलताना अजून समोरच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघायची.

पूजेला नारळ नव्हता. रविवारी दुकानं बंद, म्हणून उल्का एका पुणेकर मित्राकडून तो आणायला गेली. तेवढ्यात फ्राऊ एसरना वाटलं, शस्त्रांचा सण आहे तर आपल्याकडेही एक शस्त्र आहे. त्यांनी ते वर आणलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सरलाबाईंना दिसलं ते इतकंच: बाईची बंदूक किती काळवंडलीय. बिचारीला होत नसेल आता. फ्राऊ एसरना वाटलं, मुलगी धातूची जाणकार, म्हणजे आईलाही कळत असणार.

उल्का नारळ घेऊन परतली तेव्हा पाटावर दुनळी होती. पेटी स्टीलच्या तांब्यासारखी लखलखत होती आणि तिच्यावर कुंकवाचं बोट होतं. दोघी शेजारी शेजारी बसून कौतुकानं बघत होत्या.

"चिंचेनं निघालं बघ सगळं," सरलाबाई म्हणाल्या. "मीठ थोडं जास्त लागलं."

उल्का खाली बसली. ही आता कुणी घेणार नाही, हे तिनं आधी जर्मनमध्ये सांगितलं, मग मराठीत. दोन्ही वेळा तिला ते तितकंच जड गेलं.

फ्राऊ एसरनी पाटावरचा एक झेंडू सरळ केला. "आल्झो," त्या म्हणाल्या. "म्हणजे छप्पर गेलं." आणि उठून त्यांनी सरलाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरलाबाई रडल्या नाहीत. "माझ्यामुळे एका बाईचं घर जायचं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ह्यांच्या कानावर घालायला हवं."

जुनी सवय, उल्काला वाटलं.

व्यापाऱ्याला फोन करून 'येऊ नका' सांगू या, असं ती म्हणाली, तर फ्राऊ एसरनी ऐकलं नाही. तांदळाचा केक बेकरीत आधीच सांगून ठेवला होता. येऊ दे त्याला. केक तरी खाईल.

बंदूक परत कपाटात गेली. दुसऱ्या दिवसापासून सरलाबाई दुपारी तळघरात बसायला लागल्या. कपाटासमोर खुर्ची घेऊन शेंगा निवडायच्या. हीटिंगच्या पाइपांमुळे तिथे ऊब असते, म्हणाल्या. जाताना दोन कप चहा न्यायच्या.

"दुसरा कुणाला?"

"लागतो," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी फ्राऊ एसरनी उल्काला खाली बोलावलं. कपाट उघडं होतं. पेटीच्या कडेला, कोरलेल्या शेवटच्या पानाच्या टोकाला, निळसर डाग पडला होता.

"चिंचेचं आम्ल राहिलंय," उल्का म्हणाली. "त्यात ओल. असं होतं."

असं होतं, हे खरंच होतं. पण गुरुवारी डागाशेजारी तपकिरी पट्टा होता आणि त्याच्याही पुढे गवती. तिनं भिंग आणलं. रंग कोरीव रेषांच्या तळात उतरला होता, रेषांच्या कडांवर विरळ होत गेला होता. जसा भट्टीतून निघतो आणि मग वर्षानुवर्षं वापरून झिजतो, तसा. भट्टीशिवाय, बंद कपाटात हे रंग परत येणं म्हणजे भाजलेल्या पापडाचा पुन्हा पिठाचा गोळा होणं. उल्कानं भिंग खिशात टाकलं.

कपाटातून कसला तरी ओळखीचा वास येत होता. तिनं आधी तो गंधकाचा म्हणून सोडून दिला. जिना चढताना तिच्या लक्षात आलं की वारा आज उलटा आहे.

"आई, तू काही केलंस का बंदुकीला?"

"मी? मला आता हात लावायची भीती वाटते. आणि किल्ली त्या फ्राऊबाईंच्या गळ्यात."

हे खरं होतं.

शुक्रवारी दुपारी साऱ्या पेटीवर रंग होता. मधला एक भाग तेवढा पांढरा, लखलखीत राहिला होता. वाकडातिकडा, काही बोटभर लांबीचे पट्टे असलेला. उद्यापर्यंत तोही भरेल, फ्राऊ एसर म्हणाल्या. त्यांनी कसं, का, हे एकदाही विचारलं नाही. त्या फक्त वर जाऊन छपराखालची बादली रिकामी करून आल्या, आणि येताना गुणगुणत होत्या.

शनिवारी तो पांढरा भाग होता तसाच होता.

व्यापारी आला. जाड, नीटनेटका माणूस, हातात सुती हातमोजे. टेबलावर केक होता आणि सरलाबाई चहा ओतत होत्या. त्यानं बंदूक खिडकीशी नेली आणि भिंग लावलं.

"हे कुणी नंतर केलेलं नाही," तो म्हणाला. "मूळचं आहे. असं मी फार वर्षांनी पाहतोय."

फ्राऊ एसरनी टेबलाची कड धरली.

त्यानं खिशातून फोटोंचे कागद काढले, बंदुकीशेजारी धरले.

"फोटोत ही झीज दिसत नाही."

उल्का केक कापू लागली.

"उजेड पडला असेल," त्यानंच स्वतःला सांगितलं. "पण शौकीन ह्याच्यासाठीच तर वेडे होतात. खरी वापरलेली बंदूक. बघा."

त्यानं मोजा काढला. डावा. त्या पांढऱ्या भागावर स्वतःचा हात ठेवला.

अंगठ्यावर अंगठा बसला. बोटांवर बोटं बसली.

"माणूस डावखुरा होता," तो म्हणाला. "आयुष्यभर त्यानं ती अशी धरली. आणि इथे..." त्यानं करंगळी उचलली. खालचा पांढरा पट्टा अर्ध्यावर संपला होता. "हे बोट आखूड. तुमचे यजमान?"

फ्राऊ एसरनी भिंतीकडे पाहिलं. तिथल्या फोटोत हाइन्झ होता. बंदूक उजव्या खांद्याला, दहाही बोटं शाबूत.

"हो," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातलेच."

व्यापाऱ्यानं किंमत सांगितली. छप्पर होऊन हीटिंगही नवं होईल, अशी होती. फ्राऊ एसर हसल्या, मग डोळे पुसले, मग त्याच्या बशीत केकचा दुसरा तुकडा वाढला.

"काय म्हणतोय गं तो?" सरलाबाईंनी विचारलं.

"घेतोय," उल्का म्हणाली. "फ्राऊ एसर इथेच राहणार. म्हणतोय, त्या पांढऱ्या जागेमुळे भाव आणखी वाढला."

"बाई गं," सरलाबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. "आणि मी काल त्यावरूनच चिडले. म्हटलं, तेवढं कशाला ठेवलंत? तर म्हणे, काम करताना एका हातानं घट्ट धरावी लागते ना, आणि जोर माझ्या डाव्यातच. धरली तिथं रंग कसा चढेल?"

त्या पुन्हा चहा ओतायला वळल्या.

खोलीत चौघं होती. टेबलावर कप पाच होते. पाचवा रिकाम्या बाजूला होता, कान डावीकडे वळवलेला. त्याला अजून कुणी हात लावला नव्हता, हे उल्कानं स्वतः पाहिलं होतं.

तो अर्धा झाला होता.