मचव्याचे लोक जेवत नाहीत

गुरुवारी सकाळी सुयश ऑफिसात शिरला, तेव्हाही मचव्याचे लोक उपाशीच बसले होते.

आदल्या संध्याकाळी मशीन चालू ठेवून घरी गेला होता बिचारा. म्हटलं, सकाळपर्यंत जेवतील. कसले जेवतायत! पडद्यावर तोच किनारा, तीच चूल, पंगतीत मांडी घालून बसलेली तीच माणसं आणि मधोमध वाढून ठेवलेलं एक पान. भाताला हात लावायला कोणी तयार नाही. सुयशने बॅग खुर्चीत आपटली.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये एका राउंडअबाउटपाशी, टायरच्या दुकानाच्या वर हा गेम स्टुडिओ होता. गेम जग बुडाल्यानंतरचा. शहरं गेली, सरकारं गेली आणि एका किनाऱ्यावर दोन तऱ्हेची माणसं उरली. डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मूळची माणसं आणि फुटक्या होड्यांतून वाहत आलेली बाकीची. दोघांनी मिळून एक राष्ट्र उभं केलं, त्याचं नाव मचवा.

नाव आणि गोष्ट ऑर्ली अष्टमकरची. ऑर्ली लंडनच्या ईलिंगची, गेमची लेखिका. तिचे पूर्वज मराठी बोलणारे ज्यू. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेले आणि तिथल्या लोकांनी सांभाळून घेतलेले. "माझा आजी सांगायची," ऑर्ली म्हणायची, "आधी त्यांनी डेड लोकांना पुरला, मग जेवले. मचव्यात पण तसाच. आधी मेलेल्यांचं, मग आपलं. सुयश, तू काहीतरी रिअल घाल ना त्यात."

सुयशचं काम या माणसांच्या वागण्याचं. कोण कधी उठेल, काय बोलेल, कशाला रडेल, हे सगळं तो लिहायचा. आणि हे काम त्याच्याकडे आलं नेमकं वडील गेले तेव्हा.

तो पुण्याला जाऊ शकला नाही. व्हिसा वाढवायचा अर्ज आत होता. निकाल यायच्या आधी देश सोडला की अर्ज रद्द, नियमच तसा. मग काय, बाबांचा दहावा त्याने फोनवर पाहिला, ओंकारेश्वराच्या घाटावरून. पिंडाला कावळा शिवेना. झाडावर ही गर्दी कावळ्यांची, पण एक खाली उतरेल तर शपथ! काका हात जोडून ओरडत होते, "वहिनींना सांभाळू! श्राद्ध-पक्ष नीट करू!" मेलेल्याचं काय राहून गेलंय ते ओळखायचं, ते करायचं वचन द्यायचं, मग कावळा शिवतो. शेवटी काकांनी घड्याळाकडे बघितलं. दर्भाचा कावळा आणवला, पिंडाला टेकवला आणि सगळे मोकळे झाले.

सुयशला ते फार लागलं. बाबांचं काय राहिलं होतं, हे कोणाला कळलंच नाही, आणि तरी सगळे जेवायला बसले! रोज गाडी चालवताना, भांडी घासताना तो तेच शोधत होता, पण डोकं चालत नव्हतं. त्याच रागात त्याने मचव्याच्या लोकांना तोच रिवाज दिला. होडीवाला मेला की पान वाढायचं, एकेकाने वचन द्यायचं. मनातलं वचन आलं की पंगत सुरू. आणि पळवाट मुद्दाम ठेवली नाही. दर्भ नाही, काही नाही. ओळखा नाहीतर बसा उपाशी.

बसले की मग.

खरं तर अडायला नको होतं. मेलेल्या होडीवाल्याच्या मनात काय होतं, ते सुयशनेच लिहिलेलं. होडीला डांबर लावायचं राहिलं होतं. पहिल्याच माणसाने ते वचन दिलं, "तुझ्या होडीला डांबर लावू." पंगत हलली नाही. मग पडद्याखाली एकामागून एक ओळी उमटत गेल्या. माणसं आपापल्या माहितीतून वाक्यं जुळवायची, तेवढी सोय सुयशने केलीच होती. तुझ्या शेताचा बांध पडू देणार नाही. तुझ्या लेकीचं लग्न करू. तिला घरात एकटं ठेवणार नाही.

"तिला म्हणजे कुणाला?" ऑर्लीने मागून विचारलं. "होडीवाल्याचा बायको तर आधीच मेली आहे."

"मला काय माहीत? तू लिहिलंयस."

"मी नाही लिहिला!"

इथन, त्यांचा प्रोड्युसर, कॉफीचा मग घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, पण उद्या दुपारी पैसे घालणारे लोक गेम बघायला येणार होते. तो इंग्रजीत म्हणाला, "सुयश, काहीतरी शॉर्टकट टाक. त्यांना जेवू घाल आणि विषय संपव."

काकांनी केलं तेच, आता दुसऱ्याच्या तोंडून. सुयशच्या कानशिलात कळ आली. पण नोकरी नोकरी असते. त्याने गवताची एक जुडी बनवली, पाखरासारखी दिसेलशी, आणि पानाशेजारी ठेवली. जुडी पानाला टेकली की पंगत सुरू, एवढंच लिहिलं.

मचव्याची मुखिया एक म्हातारी होती, डोंगरावरची. ती उठली. तिने जुडी उचलली, चुलीत घातली आणि परत जागेवर जाऊन बसली.

सुयशने तसं लिहिलं नव्हतं. त्याने सगळं पुन्हा तपासलं, पुन्हा चालवलं. पुन्हा ती उठली. पुन्हा चुलीत.

"अरे, काय छळ लावलाय हा!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडच्या टेबलावरच्यांनी हेडफोन काढले.

तेवढ्यात खाली नवी ओळ उमटली. एक खलाशी बोलत होता. "तुझ्या पेटीचा भाता बदलून घेऊ."

सुयशने ओळ पुन्हा वाचली. मचव्यात पेटी नव्हती. कुठलंच वाद्य नव्हतं, त्याचं बजेटच नव्हतं. ऑर्लीने फाइली शोधल्या, त्याने शोधल्या. हार्मोनियम हा शब्द कुठेच नव्हता.

तो जिन्यात जाऊन आईशी बोलला. इकडचं-तिकडचं झालं, मग त्याने विचारलं, "आई, बाबांची पेटी कशी आहे गं?"

"भाता फाटलाय. शेवटच्या दिवसांत सारखे तेच म्हणायचे, दुरुस्तीला टाक, दुरुस्तीला टाक. तुला कोणी सांगितलं? मी काकांनासुद्धा बोलले नव्हते."

"सहज," सुयश म्हणाला. "टाकतेस ना दुरुस्तीला?"

"टाकते रे. पण त्यांचा जीव तेवढ्यात नव्हता अडकला."

"मग कशात?"

"मला माहीत असतं तर त्या दिवशी घाटावर सांगितलं नसतं का?" आईला रडू फुटलं.

त्या दिवशी सुयशने मशीन बंद केलं नाही. करवेना. खरं सांगायचं तर आता त्याला गेमचं काहीच पडलं नव्हतं. ती माणसं ओळखत होती. इतके दिवस त्याला जे ओळखता आलं नव्हतं त्याच्या अगदी जवळ ती पोचली होती. त्याला फक्त पुढची ओळ हवी होती.

शुक्रवारी दुपारी पाहुणे आले. ऊन चांगलं पडलं होतं. मोठ्या पडद्यावर किनारा उघडला आणि इथनने मचव्याबद्दल बोलायला सुरुवात केली. सगळं संपल्यावर उरलेल्यांनी बांधलेलं राष्ट्र, वगैरे वगैरे. ऑर्ली सुयशला चिकटून बसली होती. "ते वेगळे बसलेत आज," ती कुजबुजली.

खरंच. रोज ती माणसं पानाकडे तोंड करून बसत. आज त्यांची तोंडं खोलीकडे होती.

म्हातारी उठली.

खाली ओळ उमटली नाही. म्हातारीचं तोंड हललं आणि स्पीकरमधून आवाज आला. या लोकांना आवाज दिलेलेच नव्हते.

"आम्ही सुयशला पाठवतो," ती मराठीत म्हणाली.

चुलीचा धूर हलला. वरून एक कावळा उतरला, पानावर बसला आणि त्याने भातात चोच घातली.

सगळी पंगत जेवू लागली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इथनने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. ऑर्लीने सुयशचं मनगट पकडलं होतं. "क्रो कुणी केला? सुयश? तुझं नाव का घेतला तिने?"

बाबा, एवढंच होतं? मी हवा होतो तुम्हाला, एवढंच? सुयशला हुंदका आला आणि त्यासोबत भीतीही आली, कारण वचन त्याने दिलं नव्हतं. ते दुसऱ्यांनीच देऊन टाकलं होतं, आणि कावळा शिवला होता.

खिशात फोन थरथरला. त्याने डाव्या हाताने काढला. बायकोचा, स्वातीचा मेसेज होता. *व्हिसा आला रे! आत्ताच मेल आला. तिकीट बघू? कधी निघतोस?*

पडद्यावर मचव्याचे लोक जेवून उठले होते. ते सगळे धक्क्यावर जमत होते. पाण्यात एक रिकामी होडी होती. म्हातारी सर्वांत पुढे, वाडगं घेऊन उभी होती.

"ते कुणाला सी-ऑफ करतायत?" ऑर्लीने विचारलं.

सुयशला उजव्या तळहाताला गार लागलं. त्याने मूठ उघडली.

तळहातावर चमचाभर दही होतं.