उजवा आर्म

क्रेनने दरीतून ओढलेला ट्रक अजून हवेतच लोंबकळत होता, तेवढ्यात निरीक्षक बाई ओरडल्या, "थांबा! खाली टेकवू नका."

क्रेनवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. अपघाती गाड्या तपासण्यात बाईंची हयात गेली होती. असल्या आठ्यांना त्या भीक घालत नसत.

पुढचं उजवं चाक आत दुमडलं होतं. चाकाला सांगाड्याशी बांधून ठेवणारा खालचा कंट्रोल आर्म मधोमध तुटला होता आणि तुटल्या जागी निम्म्या भागात गंज होता. म्हणजे चीर जुनी. डावा आर्म मात्र कोरा करकरीत.

बाईंनी बाजूला उभं राहून लांब काठीने तुटका तुकडा वर ढकलला. काठी काढताच आर्मच्या सांध्यातल्या बुशच्या रबराने त्याला पुन्हा खाली आणलं. बाईंनी दोनदा ढकलून पाहिला, दोन्ही वेळा तो खालीच आला. त्यांनी मनाशी एक शिवी हासडली.

ट्रक चालवणारा जागीच गेला होता. तो गावातल्या गॅरेजच्या मालकाचा, उस्तादांचा जावई. ट्रक गॅरेजचाच, आणि आर्म बदलले होते उस्तादांनी. फौजदार बाईंच्या अहवालाची वाट पाहत होते. अहवाल गेला की म्हातारा आत जाणार होता.

गॅरेजमागच्या भंगारात बाईंना दुसरा आर्म सापडला. नवा होता, पण बोल्टाने घासल्याच्या खुणा त्यावर स्पष्ट होत्या.

उस्ताद स्टुलावर बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"दोन्ही आर्म नवे बसवलेत ना?"

"नाही. कंटाळा केला. उजवा जुनाच परत लावला. चूक माझी, लिहून घ्या."

"मग गाडी कुठे होती?"

"इथेच. रविवारी मी आणि मुलगा बाहेरगावी होतो. सोमवारी जावई घेऊन गेला."

"आर्मचे बोल्ट पक्के कधी आवळता?"

"गाडी चाकांवर उभी करून! दुसरं कधी आवळतात?" म्हातारा पहिल्यांदाच खेकसला.

मुलाने बाईंना दारातच अडवलं. "बाबांना सोडा. जुना आर्म मी लावला. दाजींशी माझं पटत नव्हतं."

"बोल्ट कधी आवळलेस?"

"गाडी खाली घेऊन. वर असताना हात लावला तर बाबा पाना फेकून मारतात."

गुन्हा कबूल करायला इथे रांग लागली होती. खुनाचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायची एवढी हौस बाईंनी कुठे पाहिली नव्हती, आणि म्हणूनच त्यांना पुढे जायचं जिवावर आलं होतं.

मागच्या खोलीत उस्तादांची मुलगी बसली होती. नवरा जाऊन दोन दिवस झाले होते, पण डोळे कोरडे. एवढ्या उकाड्यात तिने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या होत्या.

"तुला यातलं काही कळतं का गं?"

"थोडंफार. लहानपणी बाबांच्या हाताखाली असायचे."

"आर्म कसा बदलतात, सांग बरं."

तिला कुणी असं विचारलंच नसावं. ती भराभर सांगू लागली. "गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचे. चाक काढायचं. अॅक्सलचा नट, मग बॉल जॉइंट, मग शॉकअबसॉर्बरचा खालचा बोल्ट. शेवटी आर्मचे दोन बोल्ट काढले की आर्म हातात येतो. दुसरा चढवायचा, बोल्ट घट्ट आवळायचे, बाकीचं जोडायचं, चाक लावायचं आणि गाडी खाली."

"झालं?"

"झालं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग तिघांना समोरासमोर बसवलं.

"उस्ताद, तुम्ही खोटं बोललात. नवा आर्म तुम्ही बसवला होता, त्यावर खुणा आहेत. नंतर कुणीतरी तो काढून चिरलेला जुना चढवला. आणि बुशच्या रबराला आवळतानाची जागा लक्षात राहते. गाडी चाकांवर असताना आवळलं असतं, तर तुटका तुकडा ढकलल्यावर वरच राहिला असता. तो खाली येत होता. म्हणजे चाक लोंबकळत असताना आवळलाय. तुम्ही तसं मेलात तरी करणार नाही. तुमच्या धाकाने हाही करणार नाही. शिवाय रविवारी तुम्ही दोघं इथे नव्हता."

बाईंनी मुलाकडे मान वळवली.

"आता राहिलं ते माणूस, ज्याला आर्म काढायचा सगळा क्रम पाठ आहे, पण गाडी खाली आल्यावरचं काम माहीतच नाही. का रे माहीत नाही?"

मुलाने मान खाली घातली. "गाडी खाली आली की गिऱ्हाईक यायचं. बाबा ताईला घरात पाठवायचे. मुलीची जात, चारचौघांत काळे हात बरे दिसत नाहीत म्हणून."

"रविवारी हे दुपारभर पिऊन पडले होते, तेवढ्यात मी इथे येऊन आर्म बदलला," मुलगी शांतपणे म्हणाली आणि तिने बाही वर सारली. दंडापर्यंत काळेनिळे वळ होते. "असे वळ घेऊन माहेरी आले होते मी. एकदा नाही, कितीदा तरी. दर वेळी बाबांनीच परत पाठवलं. जावई हातचा गेला तर गॅरेजचा ट्रक कोण चालवणार, म्हणायचे."

भंगारातला आर्म बघताच म्हाताऱ्याला सगळं उमगलं होतं. तो बाईंच्या पायांशी वाकला. "मला न्या, बाई. मी सही करतो. पोरीचं आयुष्य..."

बाईंना त्या क्षणी म्हाताऱ्याची चीड आली आणि स्वतःच्या हुशारीचीही.

"उठा बाबा," मुलगी म्हणाली. "वळ बघितलेत तेव्हा असं वाकला असतात, तर हे मेले नसते आणि मीही कुठे गेले नसते. आता माझ्या वाटचं मला भोगू द्या."

ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि बाईंच्या पुढे होऊन चालू लागली.