कुंडीतली तहान

चंद्रावरच्या वसाहतीत एक ऑर्किड तहानेने वाळले. त्याच्या कुंडीत पाणी एकदाही कमी पडले नव्हते.

ते 'सीतेची वेणी' या जातीचे रोप होते, सह्याद्रीहून आलेले, आणि त्याची जबाबदारी शाल्मलीने हट्टाने मागून घेतली होती. आधी त्याची पाने सुरकुतली, मग पिवळी पडली आणि अखेर एकेक करून गळाली. आता कुंडीत बोटभर काडी तेवढी उभी होती.

"ही जागा मला मेथीला हवी आहे," मळ्याच्या प्रमुख लोखंडे काकू म्हणाल्या. "दिव्याखालचा कप्पा म्हणजे धर्मशाळा नव्हे, शालू. आज दिवे मंदावण्यापूर्वी काही जीव दाखव, नाहीतर काडी खतात जाईल."

शाल्मलीचा पारा चढला. पाने सुरकुतली तेव्हा झाडून साऱ्या वसाहतीने एकच सल्ला दिला होता: पाणी घाल. तिने मळ्यातल्या यंत्रमानवाला, सदूला, तसे सांगितले. पाने आणखी सुरकुतली. सल्ला मात्र बदलला नाही; सल्ला देणाऱ्यांचा आवाज तेवढा वाढला.

"सदू, तू पाणी नक्की कसे घालत होतास?"

"पृथ्वीवरून आलेल्या सूचनांनुसार. कुंडी पूर्ण भिजवावी आणि पाच मिनिटे निथळू द्यावी. सर्व सूचनांचे पालन झाले आहे."

"मग रोप मेले कसे?"

"रोपाला सूचना देण्यात आल्या नव्हत्या," सदू गंभीरपणे म्हणाला.

तिचे आजोबा दारात उभे होते. पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि पुराव्याशिवाय ते चहा गोड झाला आहे हेसुद्धा मान्य करत नसत.

"आबा, हसू नका हो!"

"हसत नाही. मेले म्हणतेस, ते कशावरून?"

"एकही पान नाही त्याला!"

"त्यावरून पाने नाहीत एवढेच सिद्ध होते. मुळे पाहिलीस?"

तिने पाहिली नव्हती. काकूंना बोलावून तिने कुंडी उपडी केली. कुजकट वास सुटला. आतली मुळे तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरताच त्यांचा लगदा होत होता. एकच मूळ वेगळे निघाले. ते केव्हातरी कुंडीच्या काठावरून बाहेर पडून हवेत लोंबू लागले होते, आणि ते पांढरे, टणक होते.

"त्याच्यावर पाणी शिंपड," आबा म्हणाले.

तिने शिंपडले. पांढरे मूळ पाहता पाहता हिरवे झाले.

"रंग लावलात की काय?" काकूंनी वाकून पाहिले.

"छे," आबा म्हणाले. "ऑर्किडच्या मुळाभोवती जलशोषी आवरण (पाणी टिपून घेणारा स्पंजासारखा थर) असते. ते कोरडे असताना पांढरे दिसते. भिजले की पारदर्शक होते आणि आतले हिरवे मूळ दिसू लागते. हिरवे आहे, म्हणजे तिथे हरितद्रव्य (प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करणारे द्रव्य) आहे. पाने नसतानाही हे मूळ थोडेफार अन्न बनवते आहे."

"बरं, जिवंत आहे, मान्य," काकू म्हणाल्या. "पण पुन्हा तेच करून पुन्हा मारणार असशील, तर माझी मेथी का थांबावी? आधी कारण सांग."

आबा सदूकडे वळले. "कुंडी निथळत होती का?"

"पाच मिनिटे दिली होती."

"मी वेळ विचारला नाही. पाणी निथळत होते का?"

"ते पाहण्याची सूचना नव्हती."

शाल्मलीने कपाळावर हात मारून घेतला. तिने तशीच एक पारदर्शक कुंडी घेतली, तिच्यात झाडाच्या सालीचा तसाच चुरा भरला आणि ती भिजवली. तळाच्या भोकांतून चार थेंब गळले आणि थांबले. चुरा तळापासून काठापर्यंत ओलागच्च राहिला.

आबांनी केसासारखी बारीक काचेची नळी पाण्यात उभी धरली. पाणी सरसर वर चढले.

"याला केशाकर्षण (बारीक फटीतून पाणी आपोआप वर चढणे) म्हणतात. पृथ्वीवर याच नळीत पाणी दोन बोटे चढते. इथे मोज."

"बारा बोटे! सहापट!" ती थबकली. "चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश. म्हणजे खाली ओढणाराच दुबळा पडला. चुऱ्यातल्या फटीही या नळीसारख्याच का?"

"साधारण तेवढ्याच बारीक धर. पुढे?"

"पृथ्वीवर कुंडीच्या तळाची दोन बोटे ओली राहतात आणि वरच्या सहा बोटांत हवा शिरते. इथे पाणी बारा बोटांपर्यंत तोलून धरले जाते आणि आपली कुंडी आहे जेमतेम आठ बोटांची!"

"मग हवेला जागा कुठे उरली?" काकू पुटपुटल्या.

शाल्मलीने कुजलेली मुळे कापून टाकली आणि काडी एका उभ्या जाळीला बांधली. या ऑर्किडचे सह्याद्रीतले भाईबंद झाडांच्या फांद्यांवर असेच राहतात, पावसात भिजतात आणि वाऱ्यावर सुकतात. जाळीला कप्पा लागत नव्हता. ती मेथीच्या वर टांगली. सदूला नवी सूचना मिळाली: फवारा मार, मूळ पांढरे होईपर्यंत थांब आणि ते झाले आहे का, हे स्वतः पाहा.

मेथीचे दोन तोडे झाले, तरी काडी काडीच राहिली. तिसऱ्या तोड्याच्या वेळी खोडाच्या बगलेत एक हिरवे टोक दिसले.

"बघ, शेवटी पाण्यानेच जगवले ना!" काकू म्हणाल्या.

शाल्मलीने एक दीर्घ श्वास घेतला.

"काकू, पाणी तेव्हाही होते आणि आताही आहे. चंद्राच्या क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे ते कुंडीतून खाली उतरत नव्हते. त्यामुळे मुळांना हवा मिळाली नाही. हवेविना ती कुजली, आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत."