अगनीतचा चेहरा

"बाकी चित्र जागच्या जागी आहे, लुबर्टकाका. फक्त माझ्या पोरीचा चेहरा गेला!" माख्तेल्ड म्हणाली आणि मटकन खाली बसली.

लायडनमधल्या तिच्या बैठकीत शोधक लुबर्ट आणि त्याचा मित्र फोल्कर्ट भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. चित्रात माख्तेल्ड आजारी अगनीतला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी पेजेची वाटी. पोरीच्या तोंडाच्या जागी नुसता मातकट डाग. अगनीत जाऊन पाच दिवस झाले होते आणि तिची दुसरी छबी नव्हती.

"सुरीने खरवडलंय," फोल्कर्ट म्हणाला.

"मग ओरखडा दाखव."

एकही नव्हता.

"आजारी पोराचं चित्र काढू नये, हे मी बजावलं होतं," सासूबाई फणकारल्या. "पण मी कशाला पुसू? चित्रांना हात लावते ती ही नेल्त्ये!"

मोलकरीण नेल्त्ये रडून रडून लाल झाली होती. चेहरा सापडला नाही, तर आजच तिला घराबाहेर काढणार होते. दाराशी चुन्याची बादली तिनेच भिजवून ठेवलेली. आजाराचं घर उद्या पांढरं करायचं होतं.

ती म्हणाली, "पोर गेली त्या संध्याकाळी रीतीप्रमाणे मी सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून टांगली. काल दफन झाल्यावर सुलटी केली, तर हे असं! एवढंच हो."

चित्रकार यूस्ट वैतागला होता. "चित्र महिन्यापूर्वीच झालं होतं, तोंड तेवढं राहिलं. तापात पोर स्थिर बसेना. शेवटच्या दिवशी सकाळी तिचा डोळा लागला, तेव्हा इथेच बसून रंगवलं. चौकट अजून सुताराकडेच आहे. माझंच काम मी कशाला बिघडवू?"

"माझं तर डोकंच भंजाळलंय," फोल्कर्ट म्हणाला. "सगळेच खरं बोलताहेत असं वाटतंय!"

"बोलताहेतच," लुबर्ट म्हणाला. "इतर चित्रांना चौकटी आहेत, त्यांचा रंग भिंतीला टेकत नाही. हे बिनचौकटीचं. त्यात तेलाचा रंग एका दिवसात वाळतो होय? बाकीचं वाळलं होतं, चेहरा ओला होता. तो नेल्त्येने भिंतीकडे वळवला."

"मग चेहरा गेला कुठे?"

"कुठेच नाही. सुलटं केलेलं चित्र त्याच्यावरच टांगलंय."

लुबर्टने चित्र खिळ्यावरून उतरवलं. पांढऱ्या भिंतीवर अगनीत होती. फिकट, आरशातल्यासारखी उजवी बाजू डावीकडे गेलेली, डोळे मिटून शांत झोपलेली.

माख्तेल्डला हुंदका आवरेना. किती तरी वेळाने तिने डोळे पुसले.

"नेल्त्ये," ती म्हणाली, "आधी ती चुन्याची बादली बाहेर ने. आणि लवकर आत ये, बाई."