तार आतून की बाहेरून?

चष्म्यावर मी बसले तेव्हा तोंडात ती प्लेट बसून जेमतेम अर्धा तास झाला होता. दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर चष्मा काढून ठेवला, डॉक्टरीणबाईंनी हाक मारली म्हणून उठले, परत येऊन धपकन बसले... कट्ट! काडी एकीकडे, काच दुसरीकडे. एरवी मी अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण तोंड उघडलं आणि आतून नुसता वारा आला.

प्लेटचं आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई जन्मापासूनच अशी.

माझे वरचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेत, त्यातला एक सुळा तर गर्दीतून पुढे डोकं काढून बघत असतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तार बसवू, दोन वर्षांत रांगेत येतील. बाहेरून बसवली की सगळ्यांना दिसणार. आतून, म्हणजे दातांच्या मागच्या बाजूने बसवली की कुणाला पत्ताही लागणार नाही, पण जीभ सारखी तिथेच आपटते आणि बोलणं बिघडतं. कुणाचं चार-सहा आठवड्यांत रुळावर येतं, कुणाचं नाही. आणि मी खाते ती भाकरीच बोलण्याची. घरगुती यंत्रांच्या मोठ्या दुकानात मी मिक्सर चालवून दाखवते. "या ताई, बघा काका, एकच बटण, आवाज नाही की सांडलवंड नाही!" दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू. घरी मला रेडिओ म्हणतात. चेहरा गिऱ्हाइकांसमोर, म्हणून तार आतून हवी. जीभ गिऱ्हाइकांसमोर, म्हणून आतून नको. सांगा, काय करायचं माणसाने?

डॉक्टरीणबाईंनी तोडगा काढला. मागच्या बाजूला तारेसारखेच उंचवटे असलेली एक पारदर्शक प्लेट त्यांनी माझ्या टाळूला बसवून दिली. "आठवडाभर घालून बोला, मग ठरवा." मालकांनी माझं पहिलं वाक्य ऐकलं आणि आठवडाभरासाठी माझी रवानगी गोडाऊनमध्ये खोकी लावायला केली.

असो. तर मोडका चष्मा रुमालात बांधून मी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरले. आत चष्मेवाला एकटाच होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात काडीएवढा पेचकस.

"का-काडी गेली," रुमाल उघडून तो म्हणाला. "काचही. नंबर... क-कधी तपासलाय?"

तो अडखळत बोलत होता. वाक्याच्या मध्येच त्याचा शब्द अडायचा, हनुवटी किंचित वर जायची, आणि मग शब्द सुटायचा. मी बोटांनी दोन वर्षं दाखवली. बोलायची हिंमतच नव्हती.

"म-मग तपासूच."

अंधाऱ्या खोलीत त्याने मला खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड फ्रेम ठेवली आणि समोर आकड्यांचा तक्ता उजळला. नशीब बघा माझं! सात, सहा, साठ, सत्तर. सगळे आकडे 'स'चेच.

"थात," मी म्हणाले. "थहा... थाठ..."

आता हसेल, मग हसेल, म्हणून मी वाट बघत होते. त्याने शांतपणे काच बदलली.

"छान. आता... ख-खालची ओळ."

"छान? हे असं वाचून?" (माझं बोलणं यापुढे मी नीटच लिहितेय. तुम्ही मनातल्या मनात त्यात वारा भरा.)

"मी डोळे तपासतो," तो म्हणाला. "उ-उच्चार नाही."

मला हसू फुटलं. फ्रेम निवडायला तर आम्ही सबंध संध्याकाळ लावली. चौकोनी घातली की मी परीक्षेत पहारा देणारी बाई दिसायचे, गोल घातली की घुबड. शेवटी त्याने एक बारीक तपकिरी फ्रेम काढली, माझ्या डोळ्यांवर चढवली, आणि दोन्ही बाजूंनी केस हलकेच मागे सारून कानामागे बोट फिरवून पाहिलं. बोटं गार होती.

"टो-टोचतंय?"

"हो," म्हटलं. मुळीच टोचत नव्हतं.

त्याने काडी गरम करून वाकवली, पुन्हा घातली. "आता?"

"अजून थोडं."

तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. कानाच्या पाळ्या माझ्या लाल झाल्या होत्या की त्याच्या, मला चष्म्याशिवाय नीट दिसलं नाही.

काचा तयार व्हायला आठवडा लागणार होता. मी दुसऱ्याच दिवशी गेले, नुसतं विचारायला. त्यानंतरच्या दिवशीही नुसतं विचारायला. तेव्हा त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि म्हणाला, "च-चहा घेऊ. विचारून विचारून... घसा सुकला असेल."

आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. बाहेर पावसाची भुरभुर होती, काचेवर वाफ धरली होती. मी हळूहळू बोलत होते, एकेक शब्द जिभेने चाचपत. तो अडला की मी थांबायचे, कारण माझी जीभ तोवर पुढच्या वाक्याची तयारी करत असायची. घाई दोघांनाही परवडणारी नव्हती. इतकं निवांत मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते, आणि इतकं कुणाचं ऐकलंही नव्हतं.

"तुम्ही ला-लाजत नाही," कप फिरवत तो म्हणाला. "मी शाळेत... तोंडच उघडायचो नाही. तु-तुमचं... लहानपणापासूनच का?"

आता बघा, "नाही हो, ही प्लेट आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी आपल्यातलं भेटल्यासारखं काहीतरी होतं. माझ्या तोंडून निघालं, "हं."

एवढंच. हं. पण रात्री जेवताना मी मान खाली घालून नुसता भात चिवडत राहिले.

"काय गं, आमचा रेडिओ बंद?" आईने विचारलं. "चांगलंय. तेवढीच डोक्याला शांतता."

ताईला मात्र सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. "मग सोपं आहे! तार आतूनच बसवून घे. दोन वर्षं बोबडीच राहशील, खरं सांगायची गरजच नाही."

"आणि दोन वर्षांनी?"

"तोवर लग्न झालेलं असेल. मग काय, पळून जाणार आहे?"

हसण्यावारी नेलं खरं, पण उशीवर डोकं टेकल्यावर लक्षात आलं की मी तेच ठरवत होते. दुकान, गिऱ्हाइकं, मालक, सगळं गेलं बाजूला. एका माणसासमोर उघडी पडू नये म्हणून मी जीभ गहाण टाकायला निघाले होते. स्वतःचाच राग आला. तो माणूस मला आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता, आणि त्याला आवडत होती ती बाई मी नव्हतेच.

आठवडा संपला तसं डॉक्टरीणबाईंनी प्लेट काढून डबीत घालून दिली. "ठरलं?"

"उद्या सांगते," म्हटलं. आहाहा, काय सुटली जीभ! पाय थेट चष्म्याच्या दुकानाकडे वळले.

तो माझाच चष्मा पुसत होता. मी डबी काउंटरवर उघडून ठेवली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. प्लेट, तार, मिक्सर, गोडाऊन, ते "हं", सगळं. स्वच्छ, खणखणीत, गिऱ्हाइकांना सांगते तसं.

तो प्लेटकडे बघत राहिला. "म्हणजे त्या... त्या दि—"

"त्या दिवशी मी खोटं बोलले, हो."

"मला वा—"

"वाटलं मी तुमच्यासारखी आहे. माहितीये मला, म्हणूनच तर—"

त्याने तळहात वर केला.

"हे," तो म्हणाला. "हे नको."

त्याची हनुवटी वर गेली. शब्द येईना. मला तो शब्द दिसत होता, माझ्या जिभेच्या टोकावर होता, आणि पहिल्यांदाच मला कळलं की आपण काय करतो ते.

"सगळे माझी वाक्यं... पु-पुरी करतात," तो म्हणाला. "आई. भाऊ. गि-गिऱ्हाइकं. तुम्ही इतक्या दिवसांत... ए-एकही केलं नाहीत. मला प्लेटचं काही नाही. मला वाटलं, क-कुणीतरी... थांबतंय."

"मी थांबतच होते!"

"प्लेट थां-थांबवत होती."

काय बोलणार? बोलती बंद झाली माझी, तीही प्लेटशिवाय. त्याने चष्मा नव्या डबीत घालून दिला, कानामागे टोचतंय का ते न विचारता. तेवढ्यात एक आजोबा नंबर तपासायला आले आणि तो त्यांना घेऊन आत गेला.

दोन दिवसांनी ताईला हेही सांगितलं. ताई म्हणाली, "बसव बाई आतून, निदान जीभ तरी ताब्यात राहील." तिने ते गमतीने म्हटलं, पण मला तिथेच उत्तर सापडलं. जिभेला लगाम घालायचाच असेल तर तो मी घालीन. त्यासाठी तार नको.

"बाहेरून," मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"दिसेल हं."

"दिसू दे."

मालकांनी कपाळावर हात मारला. "अगं, गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"ती मिक्सर बघायला येतात हो, माझे दात नाही. आणि दात बघायला आली तरी जाताना मिक्सर घेऊन जातील."

तार दुखत होती, गाल आतून सोलवटत होते, पण बोलणं शाबूत होतं. ते शाबूत असताना गप्प राहायला मी शिकत होते. घरापासूनच सुरुवात केली. आई एखाद्या गोष्टीत रंगली की शेवट मला माहीत असायचा, तरी मी दातांवर दात दाबून थांबायचे. तार आणखी टोचायची. वाक्याच्या शेवटी आई काहीतरी भलतंच म्हणायची. मग लक्षात यायचं, इतकी वर्षं मी तिचं ऐकतच नव्हते.

चष्म्याच्या दुकानात मात्र गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

मग एका दुपारी, काउंटरवर ही गर्दी, मिक्सर घरघरतोय, मी ओरडून सांगतेय, "एकच बटण काका, एकच बटण!" आणि माणसांच्या मागे तो उभा. बाह्या दुमडलेल्या. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. आता मी कशी आहे ते पुरतं बघून झालं होतं त्याचं: आवाज, हातवारे, तोंडभर लोखंड.

तो पुढे आला. "म-मला..."

"मिक्सर हवाय का साहेब?" माझ्या शेजारच्या पोरीने विचारलं. "की ज्यूसर? दोन्हींवर सूट आहे."

त्याने नकारार्थी मान हलवली. मी तिला हातानेच गप्प केलं आणि मिक्सर बंद केला. एकदम शांत झालं सगळं. गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली, मागून मालकांचं खाकरणं ऐकू आलं.

"मला... तु... तु..."

त्याची हनुवटी वर गेली. शब्द अडला, तो अडलाच. एक काका घड्याळाकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकामागून एक वाक्यं येत होती, चांगली, वाईट, कुठलीही त्याची असू शकत होती. कदाचित चष्म्याचे पैसे राहिले असतील. कदाचित निरोप घ्यायला आला असेल. विचारून टाकावंसं वाटत होतं, जीव जात होता माझा. मी काउंटरची कड घट्ट धरली आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. त्याचं आहे ते, त्यालाच म्हणू दे.

"तुम्ही... आ-आवडता," तो म्हणाला. मग दम घेतला, आणि पुढचं सरळ आलं. "एवढं बोलता, तरीही."

काका घड्याळ विसरले. शेजारच्या पोरीने तोंडावर हात धरला. माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं काही साचलं होतं की संध्याकाळपर्यंत पुरलं असतं.

"मलाही तुम्ही," मी म्हटलं, आणि तिथेच थांबले.

तो अजून काहीतरी म्हणणार होता.