पालेश्वर आणि तांबोशी

वाऱ्याची एक खट्याळ झुळूक आली आणि शेजारच्या टपरीवरची माठाच्या भाजीची दोन पानं उडून थेट कॅडीनच्या कढईत पडली. तेल तडतडलं. तळल्या जाणाऱ्या तांबोशीच्या पाठीवर हिरवी नक्षी उमटली.

"अहो!" कॅडीन झारा उगारून वळली. "हा काय प्रकार?"

समोर एक उंच तरुण, जटा रुमालात बांधलेल्या, डोळ्यांत हसू. अ‍ॅलिगेटर पाँड या कोळ्यांच्या गावाच्या किनाऱ्यावर त्याने आजच टपरी थाटली होती.

"माफ करा, राणीसाहेब. पण तुमच्या माशाला आज पहिल्यांदाच काहीतरी पौष्टिक लागलं."

"पौष्टिक? माझ्या माशात काय माती भरलीय?"

"मीठ भरलंय. बादलीभर!"

त्याचं नाव लिनव्हल. रास्ताफारी पंथाचा. मांस, मासे, दूध, अंडी, मीठ... कशालाच हात न लावणारा. वडिलांबरोबर लहानपणीच व्रत घेतलेलं, वडील गेल्यावरही पाळलेलं. त्याच्या पातेल्यात नारळाच्या दुधातला राजमा शिजायचा, भोपळा, भाजलेला नीरफणस. कॅडीनने त्याचं नाव ठेवलं – पालेश्वर.

महिन्याभरात गिऱ्हाईकं तिच्याकडून मासा आणि त्याच्याकडून भाजी घेऊन एकाच बाकावर बसू लागली. कॅडीनने गुपचूप मीठ कमी केलं, लिंबू वाढवलं.

"आज मीठ कमी पडलं वाटतं?" तो विचारायचा.

"हात चुकला."

"रोज चुकतो?"

ती आणखी एक लिंबू चिरायला घ्यायची. दुपारी तो राजम्याची वाटी पाठवायचा. तोवर कॅडीनचं दुपारचं जेवण म्हणजे उरलासुरला मासा आणि पांढरा पाव. आता मात्र अकरा वाजल्यापासून तिचं लक्ष त्या वाटीकडे.

"खाल्लास का राजमा?"

"मांजराला घातला."

"असं? मग मांजराच्या ओठावर नारळाचं दूध कसं?"

तिने घाईघाईने ओठ पुसले... आणि कान लाल झाले ते झालेच.

एके दुपारी मात्र भरलं पातेलं त्याच्या हातून निसटलं. सगळा राजमा वाळूत. तो हसला, पण नजर स्वतःच्या बोटांवरच.

"काय होतंय?" कॅडीन धावली.

"मुंग्या येतात... हातांना, पायांना. तीन महिने झाले."

"आणि गप्प बसलास?"

"लोक म्हणाले असते – बघा, पाला खाऊन असं झालं."

तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. अहवाल वाचून नर्स बेकफर्ड चष्म्यावरून म्हणाल्या, "भाज्या, कडधान्यं उत्तमच आहेत, बाळा. पण बी-बारा जीवनसत्त्व त्यांत नसतं. ते मासळीत, अंड्यात, दुधात. तुझं फार खाली गेलंय. आजपासून इंजेक्शनं. पण पुढे रोजचं काहीतरी बघ, नाहीतर नसा कायमच्या दुखावतील."

परतताना तो तिच्या टपरीपाशी थांबला.

"हस की. जिंकलीस तू." मग हळूच, "एक तुकडा... देशील?"

दुपारी तळून ठेवलेली तांबोशी परातीत सोनेरी दिसत होती. कॅडीनने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुणाला तरी स्मशानात पोहोचवून आल्यासारखा उतरलेला चेहरा.

"नाही देणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा दिवस, आणि कॅडीनच्या टपरीला ताडपत्री! लिनव्हल दहादा डोकावला. आपल्यावर रागावली? की... संध्याकाळी ती मँडेव्हिल शहराहून येणाऱ्या गाडीतून उतरली, घामाघूम, हातात एक बाटली.

"ही बी-बाराची गोळी. नर्सबाईंना विचारून आणलीय. यात मासा नाही, दूध नाही, अंडं नाही. चार दुकानांत प्रत्येक बाटलीचं बारीक अक्षर वाचलंय मी. डोळे फुटायची वेळ आली!"

तो बाटलीकडे बघतच राहिला. "शनिवार बुडवलास? यासाठी? एक तुकडा भरवला असतास, तर काम सोपं होतं."

"हो. आणि मग तू रोज माझ्यापुढे मान खाली घालून बसला असतास." तिने कपाळावरचा घाम पुसला. "मला नाही बघवलं असतं. मला तू... भांडताना आवडतोस."

"नुसता भांडतानाच?"

"जास्त बोलू नकोस. नर्सबाई म्हणाल्या, गोळी आयुष्यभर घ्यायची."

"आयुष्यभर?" त्याने तिचा हात धरला, मुंग्या आलेल्या बोटांनी, जपून. "मी फार विसरभोळा आहे, कॅडीन."

"सरळ विचार ना, पालेश्वर!"

"माझ्याशी लग्न करशील?"

तिने त्याची बोटं आपल्या मुठीत घेतली. मग ती म्हणाली, "घरात मासा शिजेल हं."

"शिजू दे. मी खिडकीपाशी बसेन."

"आणि तुझा राजमा मला रोज लागेल. वाटीभर नाही, ताटभर!"

तो मोठ्याने हसला. तिनेच टाचा उंचावल्या आणि त्या हसऱ्या ओठांवर ओठ टेकवले.