‘शेड’वरून आलेली प्रत

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. पटवत बसायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. पण सांगतोय ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि मध्यरात्री वगैरे नाही. जुलैतला दुसरा शनिवार, दुपारचे तीन, आमचं एल बोल्सोन गाव, माझ्या वहिनीचं स्वयंपाकघर. आमच्या दक्षिण टोकाच्या मुलखात जुलै म्हणजे भर हिवाळा; बाहेर बर्फ पडून गेला होता.

मी फेर्मिन. फ्रिज आणि हीटर दुरुस्त करतो. हिवाळ्यात गावातले सगळे हीटर ठरवल्यासारखे एकाच आठवड्यात बंद पडतात, त्यामुळे जून-जुलैत मला पाठ टेकायला मिळत नाही. त्यात यंदा जूनमध्ये माझा मोठा भाऊ गेला. तादेओ.

तो घरामागच्या शेडमध्ये बिअर बनवायचा. विकायला नाही, घरच्यांसाठी. मी त्याचा भागीदार. म्हणजे पिंपं धुवायला मी आणि शाबासकी घ्यायला तो.

रेसिपी आम्ही कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्रॅममध्ये लिहायचो. जव किती, कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं किती, उकळी किती वेळ, बाटलीत भरताना साखर किती, सगळं. तो प्रोग्रॅम तीन ठिकाणी होता: माझ्या दुकानात, वहिनीच्या स्वयंपाकघरात आणि शेडमधल्या त्याच्या लॅपटॉपवर, ज्याचं नाव आम्ही ‘शेड’च ठेवलं होतं. एकीकडे बदललं की इंटरनेटवरून तिन्हीकडे बदलायचं.

एकच कटकट होती. दोन ठिकाणी एकाच वेळी उघडा राहिला, की एका रेसिपीच्या दोन प्रती व्हायच्या. दुसरीच्या नावापुढे ती कुठल्या कॉम्प्युटरवरून आली ते लिहून यायचं. एकदा त्या गोंधळात मी भलतीच प्रत वापरली आणि चाळीस बाटल्या ओतून द्याव्या लागल्या. तादेओने ते मला सहा वर्षं ऐकवलं.

तेव्हापासून नियम. काम संपलं की प्रोग्रॅम बंद करायचा आणि दुसऱ्याला फोन करून दोनच शब्द सांगायचे.

"बंद केलं."

मगच दुसऱ्याने उघडायचं.

वीस जूनला तादेओने काळी बिअर पिंपात भरली, झाकण लावलं आणि लॅपटॉपसमोर बसला. तिथेच गेला. हार्ट. पडताना हात लागून उरलेल्या जवाच्या गोड काढ्याचं भांडं लॅपटॉपवर उपडं झालं.

त्या दिवशी मला फोन आला नाही.

लॅपटॉप मी दुकानात नेऊन उघडला. आत सगळा चिकट पाक. बॅटरी काढली, डिस्क काढली, तिन्ही वस्तू ड्रॉवरमध्ये टाकल्या. कॉम्प्युटर मला फारसे कळत नाहीत, पण मेलेलं मशीन मला कळतं.

वहिनी, म्हणजे रोसाउरा, तेव्हापासून धड जेवत नव्हती. सुकून निम्मी झाली होती. मुलगी नोएलिया नेउकेनला असते. तिने आईसाठी खोलीसुद्धा तयार ठेवली होती. पण वहिनीचं एकच. "त्याच्या हातची शेवटची बिअर आहे पिंपात. नऊ ऑगस्टला त्याचा वाढदिवस. सगळ्यांना पाजते, मग येते."

मला एवढंच हवं होतं. बिअर नीट बाटलीत जावी, वाढदिवस पार पडावा, आणि ही बाई त्या घरातून आणि त्या शेडपासून एकदाची निघावी. नाहीतर ती तिथेच संपली असती. मला ते स्पष्ट दिसत होतं.

तर तो शनिवार.

मी स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. वहिनी शेजारी माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, भरत होती.

"साखर मोजून घाल हं," ती म्हणाली. "मागे बाटली फोडली होतीस एक."

"अंगठ्यावर वण आहे अजून, वहिनी. विसरेन होय?"

साखर जास्त झाली की बाटलीत वायू मावत नाही. काच फुटते. आणि बाटली हातात असताना फुटली तर डोळासुद्धा जातो.

रेसिपी उघडायला गेलो...

"ही रेसिपी ‘शेड’वर उघडी आहे."

मग म्हटलं, बरोबरच आहे की. बंद न करताच गेला तो. जुनी खूण अडकून राहिली असेल.

तरी उघडली. एकोणीस लिटर, साखर एकशेवीस ग्रॅम. वजन केलं, पाण्यात घातली, गॅसवर ठेवली.

आणि कॉम्प्युटरने टिंग केलं...

नवी फाईल. त्याच रेसिपीची दुसरी प्रत. नावापुढे ‘शेड’.

तारीख आजची. वेळ तीन वाजून बारा मिनिटं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून तेरा.

"वहिनी, घरात आणखी कुणी इंटरनेट वापरतंय का?"

"कोण वापरणार? मी आणि मांजर."

तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी ती प्रत उघडली.

एकोणीसच्या जागी अकरा लिटर. एकशेवीसच्या जागी सत्तर ग्रॅम. आणि खाली, नोंदीच्या रकान्यात... एक ओळ.

"नळ बघ, गाढवा."

जगात मला गाढव म्हणणारा एकच माणूस होता.

मग उठून शेडमध्ये गेलो. पिंप पांढरं, जाड, बाहेरून काही कळत नाही. खाली वाकलो. नळाच्या चकतीतून थेंब पडत होता. एक... मग बऱ्याच वेळाने दुसरा. खालच्या मोरीत वाहून जात होता. तीन आठवडे.

मोजपट्टी आत घातली. अकरा लिटर. थेंब इकडेतिकडे नाही.

एकशेवीस ग्रॅम घातली असती तर त्या बाटल्या वहिनीच्या फडताळात एकेक करून फुटल्या असत्या.

परत आलो. वहिनीने गॅस बंद केलेला होता, पाक ओतून दिला होता, आणि नवी साखर तराजूवर मांडली होती.

सत्तर ग्रॅम.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. स्क्रीन तिला वाचता येत नाही, चष्मा महिनाभर सापडत नव्हता.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "बाटल्या आण."

एकवीस बाटल्या भरल्या. बुचं ठोकली. फडताळात लावल्या. काम संपल्यावर रेसिपी बंद केली आणि सवयीने, अगदी सवयीनेच, माझ्या तोंडून निघून गेलं.

"बंद केलं."

पडद्यावरच्या यादीत लगेच पुन्हा खूण उमटली...

"ही रेसिपी ‘शेड’वर उघडी आहे."

दुकानात जाऊन ड्रॉवर उघडला. लॅपटॉप, बॅटरी, डिस्क. तिन्ही वस्तू ठेवल्या तशाच, धूळ खात पडलेल्या. खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं. भीतीने की भावाच्या आठवणीने, मला नाही सांगता येणार. आता विचार करायचाही कंटाळा येतो.

पुढचे तीन आठवडे काही नाही. मला वाटलं, सुटलो.

सहा ऑगस्टला दुकानातल्या कॉम्प्युटरवर... टिंग.

‘शेड’वरून प्रत. या वेळी चवीच्या रकान्यात लिहिलेलं. बिअर तयार झाल्यावर पहिली बाटली उघडून आम्ही तो रकाना भरायचो.

"फेस चांगला. साखर बरोबर. रोसाउरा म्हणते कडू आहे."

हातातलं काम टाकून वहिनीकडे गेलो. सरळ फडताळापाशी. बाटल्या एकेक उचलून पाहिल्या. एकोणीस जड लागल्या.

दोन रिकाम्या होत्या...

बुचं जशीच्या तशी. ना वाकलेली, ना उचकटलेली. आत थेंब नाही, वास नाही. कोरड्या ठणठणीत.

वहिनी ओट्यापाशी कणीक मळत होती. सव्वीस वर्षांच्या संसारात या बाईने बिअर कधी ओठाला लावली नाही. तादेओ त्यावरून तिला किती चिडवायचा.

"वहिनी, बिअर प्यायलीस का तू?"

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"कडूच होती रे. पण तो एवढा समोर बसलेला, घोट घोट बघत. थुंकणार कुठे?"

ती मळतच राहिली. तव्यावर तेल तापत होतं. मग तिने मला दोन गरम तोर्ता फ्रीता, आमच्याकडच्या जाड पुऱ्या, वाढल्या, स्वतः चार खाल्ल्या. दीड महिन्यात तिला असं खाताना मी पहिल्यांदा बघत होतो.

नऊ तारखेला सगळे आले. एकोणीस बाटल्या तासाभरात संपल्या. सगळे म्हणाले, तादेओची आजवरची सगळ्यात चांगली बिअर. मी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोएलियाने गाडी दाराशी लावली. बॅगा आत ठेवल्या. मांजर टोपलीत. वहिनी कोट घालून दारात आली. मी मनात म्हटलं, चला, निघाली एकदाची.

तिने शेडकडे पाहिलं.

मग शांतपणे कोट उतरवला.

"नाही जमायचं गं, नोएलिया."

"आई, आता काय झालं? बिअर संपली की येते म्हणाली होतीस."

"ती संपली. त्याने दुसरी टाकायला घेतलीये." वहिनी कोटाची घडी घालत होती. "आणि भरलेलं पिंप त्याला एकट्याला उचलवत नाही आता."

नोएलिया माझ्याकडे बघायला लागली. तिने दोन तास समजावलं, रडली, भांडली, शेवटी एकटीच परत गेली.

आता वहिनीची तब्येत सुधारलीये. गालांवर रंग आलाय. दर पंधरा दिवसांनी मला चिठ्ठी देते: जव पाच किलो, हॉप्स एवढे, यीस्ट एक पाकीट. मी आणून देतो. नाही म्हणायचं ठरवून जातो, आणि तिचा चेहरा बघून चिठ्ठी खिशात घालतो. पोतं शेडच्या दाराशी ठेवतो. आत जात नाही.

नोएलियाचा दर रविवारी फोन येतो.

"काका, आई तिथे एकटी असते. मला झोप लागत नाही."

काय सांगू तिला? धीर द्यायला तोंड उघडतो. इकडचं तिकडचं बोलतो, हवा कशी आहे ते सांगतो.

पण वहिनी एकटी आहे, एवढं खोटं मला बोलवत नाही.